भरतीच्या पोरांना नीती शिकवायची तर सुरुवात कुठून करावी?

वाशिष्ठी

मंडळी, सल्ला हवा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. आमच्या स्पर्धा परीक्षा केंद्रात यंदापासून दर शनिवारी नीतीचा एक तास ठेवलाय आणि तो माझ्याकडे आलाय. वर्गात शिपाई भरतीची तयारी करणारी मुलंमुली जास्त. काही पीएसआय व्हायचं म्हणून बसलेली, दोघीतिघी कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या, एकीला न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जायचंय. म्हणजे उद्या गुन्हा नोंदवण्यापासून शिक्षेपर्यंतच्या साखळीत कुठे ना कुठे ही मुलं उभी असणार.

अडचण अशी की शिपाई भरतीच्या परीक्षेत या विषयाला एकही गुण नाही. मैदानी पन्नास, लेखी शंभर, आणि लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तिथे नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आला, त्यामुळे बाजारात गाइडांचा पूर आहे. ती गाइडं वाचून मुलं काय लिहितात बघा. एका मुलाच्या वहीत होतं, ‘प्रामाणिकपणा हा माझा श्वास आहे, मी कोणत्याही दबावाला बळी पडणार नाही.’ खाली लाल पेनाने दोन रेघा.

त्यालाच तोंडी विचारलं, "समज, रात्री अकराला संशयित म्हणून एकाला ठाण्यात आणलं. साहेब म्हणाले, नोंद सकाळी सहाची कर. काय करशील?" मुलगा चटकन म्हणाला, "सहाची करणार मॅडम. साहेब सांगतायत ना." इतक्या निरागसपणे म्हणाला की मला पुढे बोलता येईना. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुलगा गुणी आहे, आईला घेऊन दवाखान्यात जातो, वर्गात सगळ्यांच्या आधी येतो. वहीतलं वाक्य आणि हे उत्तर यांचा संबंध आहे हेच त्याला जाणवलं नव्हतं.

तर प्रश्न असा, की यांना शिकवायचं काय आणि कसं? ज्यांनी ठाण्यात, कोर्टात, तुरुंगात काम केलंय त्यांनी जरूर लिहा.

गजाली

वाशिष्ठी बाय, प्रश्न बरो काढलास. आमच्या वाडीतली पोरां सकाळी पाचाक उठान पुळणीर धावतत. सोळाशे मीटर किती मिनटात, गोळो किती लांब, सगळां तोंडपाठ. पण खाकी अंगार चढल्यार लोकांशी बोलूचा कसा, ह्यां त्यांका कोण सांगता? कोण नाय. शिकव तू. कंटाळतले, तरी शिकव.

डायरीवाला

नोकरीतली बरीच वर्षं ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत गेली, म्हणून लिहितो. ताई, तुम्ही विचारलेला प्रश्न अगदी मर्मावरचा आहे, तोच धरून ठेवा.

अकराची नोंद सहाला केली की काय होतं? राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदानुसार अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. ते चोवीस तास कधी सुरू झाले हे कागदावरून ठरतं. सात तास सरकवले म्हणजे सात तास तो माणूस कुठेच नाही. घरच्यांना कळवलेलं नाही, मेडिकल झालेलं नाही, वकिलाला माहीत नाही. कोठडीत जे वाईट घडतं त्यातलं पुष्कळसं असल्याच तासांत घडतं. म्हणजे नोंद करणाऱ्या पोराने कुणावर हात उचलला नाही, पैसा घेतला नाही, फक्त एक आकडा लिहिला. आणि दार उघडून दिलं.

नव्या पोरांना हे कुणी असं उलगडून सांगत नाही. त्यांना वाटतं नीती म्हणजे लाच न घेणं. लाच ओळखणं सोपं आहे हो, समोर पाकीट असतं. चुकीची वेळ, न लिहिलेली नोंद, न जाता लिहिलेला जबाब, यात पाकीट दिसत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात अटकेसंबंधी अकरा सूचना दिल्या. अटकेचा मेमो, त्यावर नातेवाईक किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी. त्या पाठ करून घेऊ नका. एकेक सूचना नसती तर रात्रीतून काय झालं असतं, हे मुलांना विचारा. ती स्वतःच सांगतील.

नाखवा

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत.

बाविसाव्या वर्षी माणसाला नीती शिकवता येत नाही. घरात जे बघितलं तेच तो करणार. आणि शिकवली तरी टिकणार कुठे? बारा-बारा तास ड्यूटी, गणपतीत घरची मूर्ती शेजाऱ्याने आणायची आणि याने दुसऱ्याच्या मिरवणुकीत उभं राहायचं, क्वार्टरला गळकं छप्पर. नाही म्हणालास तर बदली. त्या पोरावर सगळा भार टाकून ‘तू चांगला राहा’ म्हणणं अन्यायाचं आहे.

पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं. अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा निश्चित कार्यकाळ द्या, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, तक्रार प्राधिकरण नेमा. ते मनापासून राबवा, नीती आपोआप येईल. आधी व्यवस्था सुधारा, मग शनिवारचा तास घ्या.

सुरंगी

नाखवा, गणपतीत रजा नाकारणं हा कोकणी माणसावरचा सगळ्यात मोठा अन्याय, त्यावर वेगळा धागा काढा, पाचशे प्रतिसाद नक्की.

पण व्यवस्था सुधारेपर्यंत दरवर्षी नवी तुकडी आत जातेच आहे ना? त्यांना रिकामं पाठवायचं?

आंबोलीघाट

मी फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळ बचावाच्या बाजूने. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, पंच. कायदा म्हणतो झडतीला त्याच वस्तीतले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित माणसं बोलवा. प्रत्यक्षात काही ठिकाणी ठरलेले पंच असतात. ठाण्यासमोर चहाची टपरी, तिथला पोऱ्या सगळ्या पंचनाम्यांवर. एका खटल्यात मी असल्या पंचाला विचारलं, "झडती घेतली ते घर कौलारू होतं की स्लॅबचं?" त्याने तपासी अंमलदाराकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "कौलारू असेल." ‘असेल’ हा शब्द न्यायाधीशांनी जसाच्या तसा लिहून घेतला आणि जप्तीवरचा विश्वास तिथेच संपला. आरोपी सुटला. खरं सांगू? माल बहुधा त्याच्याकडेच सापडला होता. पोलिसांनी दोन शेजाऱ्यांना हाक मारण्याचे कष्ट घेतले असते तर त्याला शिक्षा झाली असती. वर्गात हे जरूर सांगा, की नीती म्हणजे आरोपीवर केलेली मेहरबानी नव्हे, फिर्यादीच्या न्यायासाठीसुद्धा तीच लागते.

आता १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालंय. मुलं म्हणतील, मग आता प्रश्न मिटला. मिटत नाही. कॅमेरा कधी सुरू करायचा हे माणूसच ठरवतो.

दुसरी, ‘चार फटके दिले की कबूल होतो’ ही समजूत. गावात चोरी झाली की लोकच ठाण्यात जाऊन सांगतात, साहेब जरा हाणा त्याला. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम इंग्रजांच्या १८७२च्या पुरावा कायद्यात होता आणि नव्या साक्ष अधिनियमातही तो राहिला. अपवाद एवढाच, की त्याच्या सांगण्यावरून काही वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. आता मुलांना विचार करायला लावा, गोऱ्या साहेबाने स्वतःच्याच पोलिसावर एवढा अविश्वास का दाखवला असेल?

कायद्याकडे जाणाऱ्या मुलींसाठी आणखी एक. सरकारी वकिलाचं काम शिक्षा मिळवणं नाही, सगळी वस्तुस्थिती कोर्टापुढे ठेवणं आहे, आरोपीच्या बाजूची असली तरी. आणि ‘अमक्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही’ असे ठराव बार असोसिएशनने करणं बेकायदा आहे, हे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. तरी असे ठराव होतात. गाव पेटलेलं असतं तेव्हा त्या माणसाचा कागद हातात घेणं फार जड जातं. त्या मुलींना हे आत्ताच माहीत असू दे.

दिवेआगर_बंदर

मी रायगडचा. आमच्या बाजूची गोष्ट इथे आलीच पाहिजे, कारण या विषयावर याहून मोठा धडा कोकण किनाऱ्यावर दुसरा नाही.

जानेवारी १९९३. दिघीला तस्करीचा माल उतरला. रात्री तो घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या. म्हणजे पोलीस जागेवर होते, गाड्या हातात होत्या, माणसं समोर होती. सौदा झाला. रोकड पुरेशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या आणि गाड्या सोडल्या. कोर्टाच्या निकालांत हे सगळं आलंय.

लहानपणी आम्ही ऐकत आलो की किनाऱ्यावर तस्करी म्हणजे चांदी, घड्याळं, कापड. कुणाचं काय जातंय, सरकारची जकात बुडते एवढंच, अशी मोठी माणसंसुद्धा बोलायची. मासेमारी बसली की चार पैसे त्यातून मिळायचे. या समजुतीच्या सावलीत सगळे आरामात होते. कस्टम्सचे अधिकारीही.

पण त्या रात्रीने एक गोष्ट कळवली, की हा रस्ता पैसे देऊन मोकळा होतो. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं. आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट होऊन २५७ माणसं गेली.

पोलीस आणि कस्टम्सच्या लोकांना टाडा, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या, न्यायालयाने शिक्षा दिल्या, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यात वरचे होते तसे साधे शिपाईही होते. वाशिष्ठीताई, मला वाटतं तुमच्या मुलांनी त्या साध्या शिपायाच्या जागी उभं राहून बघावं. साहेब बोलणी करतायत, तू चार पावलं मागे काठी घेऊन उभा आहेस. तुझ्या वाट्याला फार येणारही नाही. तू काय करतोस?

शेखाडी आजही शांत गाव आहे, पर्यटक जातात, समुद्र बघतात. पण आमच्या पिढीला तिथून जाताना ते आठवतंच.

कोळथरे

दिवेआगर, लिहिलंत ते खरं आहे. पण शिकवण्याच्या दृष्टीने शंका आहे. इतकं भयंकर उदाहरण दिलं की मुलगा म्हणतो, ‘मी काय देशद्रोही आहे? मी असं कधीच करणार नाही.’ आणि सुटतो. उद्या हेल्मेट नसलेल्याकडून शंभर रुपये घेताना त्याला गोंडघर फाटा आठवणार नाही.

दिवेआगर_बंदर

कोळथरे, म्हणूनच मी स्फोटांपासून सुरुवात करत नाही, फाट्यावरून करतो. शेवट आधी सांगायचाच नाही. मुलांनी जानेवारीतल्या रात्री उभं राहून ठरवायचं, मग पुढे काय झालं ते सांगायचं.

वाशिष्ठी

हे फार उपयोगी आहे. दिवेआगर, तुमचा क्रम उचलते. कोळथरे यांची शंकाही बरोबर आहे, वर्गात मला तेच दिसतं. अरेरावी करणारा, हप्ते खाणारा पोलीस हा त्यांच्या मनात कायम दुसराच कुणीतरी असतो. आणि सिनेमातला इन्स्पेक्टर गुंडाला बडवतो तेव्हा टाळ्या तेच वाजवतात.

नाखवा, व्यवस्थेबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. पण ‘घरात बघितलं तेच करणार’ हे पटत नाही. ज्या मुलाने सहाची नोंद करणार म्हटलं, त्याच्या घरी अतिशय सचोटीची माणसं आहेत. त्याला वाईट वळण लागलेलं नाही, आज्ञा पाळायचं चांगलं वळण लागलंय. तेच त्याला तिथे नेतंय.

अबोली

आता गावकीबद्दल कुणी बोलणार आहे का?

माझं माहेर खेड तालुक्यातलं. आमच्याकडे एका घराला वाळीत टाकलं होतं. कारण काय तर देवळाच्या वर्गणीचा हिशेब विचारला. पालखी त्यांच्या दारात जायची बंद झाली, लग्नाची आमंत्रणं बंद, वाडीतल्या विहिरीवर बायका त्यांच्याशी बोलेनात. शिमग्यात सगळ्या घरांपुढे ढोल आणि त्या एका घरापुढून पालखी न थांबता गेली. त्या घरातल्या आजी दारात आरती घेऊन उभ्या होत्या, मी बघितलंय.

महाराष्ट्राने याविरुद्ध कायदा केला, २०१६चा सामाजिक बहिष्काराचा कायदा, जुलै २०१७ पासून लागू. असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र. म्हणजे पोलिसाला थेट गुन्हा नोंदवता येतो. ते कुटुंब ठाण्यात गेलं. तिथे समोर बसलेला हवालदार आमच्याच भावकीतला. तो वाईट बोलला नाही. चहा मागवला. म्हणाला, "काका, गावातलं आहे, गावात मिटवा. गुन्हा नोंदवलात तर कायमचं तुटेल." काका उठून आले. पुढे दोन वर्षं तसंच राहिलं, मग ते घर बंद करून मंडळी मुंबईला गेली.

तो हवालदार लाचखाऊ नव्हता आणि साहेबाचा दबावही नव्हता. त्याला आपल्याच माणसांत वाईटपणा घ्यायचा नव्हता. कोकणात पोलीस होणाऱ्या मुलांना हा प्रसंग येणारच, कारण इथे प्रत्येकाची गावकी असते, मानकरीपण असतं, आणि मुंबईतले चाकरमानीसुद्धा फोनवरून गावकी चालवतात. वर्गात याची उजळणी नाही झाली तर बाकी सगळं फुकट.

डायरीवाला

अबोली, तुम्ही सांगितलंत तसं मी पुष्कळ पाहिलंय. ‘मिटवा’ म्हणणाऱ्याला वाटतं आपण भलं करतोय. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर नोंदवायचीच, हे ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्ये पक्कं केलं. पसंती-नापसंतीचा प्रश्न उरत नाही. आणि भावकीतलं प्रकरण असेल तर साध्या कागदावर साहेबांना लिहून द्यायचं, फिर्यादी-आरोपी माझ्या नात्यातले, तपास दुसऱ्याकडे द्यावा. चार ओळींचा अर्ज. तो लिहायला शिकवा, ताई. असा अर्ज करता येतो हेच पोरांना ठाऊक नसतं.

समईवात

मी मानसशास्त्र शिकवते, ‘साहेब सांगतायत ना’ वाचून राहवलं नाही.

अमेरिकेत येल विद्यापीठात १९६१च्या सुमारास स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी एक प्रयोग केला. साध्यासुध्या माणसांना सांगितलं, शेजारच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की विजेचा झटका द्या, दर वेळी वाढवत न्या. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. तिकडून ओरडणं ऐकू यायचं, हे थांबायचे, मग प्रयोगशाळेतले साहेब शांतपणे सांगायचे, पुढे चला. चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले.

हे बरेच जण सांगतात आणि थांबतात. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. मिलग्रॅमने त्याचा एक प्रकार केला, ज्यात शेजारी बसलेले दोन साथीदार मध्येच उठून म्हणायचे, आम्ही हे करणार नाही. तेव्हा चाळीसपैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले. साहेब तेच, खोली तीच. शेजारचा माणूस बदलला.

म्हणून नाखवांना माझं उत्तर असं आहे, की नीती एकेकट्याला शिकवू नका, जोडीने शिकवा. २०२० साली मिनिॲपोलिसमध्ये एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघा दाबून धरला. बाजूला होते त्यातला एक अगदी नवखा होता. त्याने दोनदा विचारलं, याला कुशीवर वळवू या का? सीनियर नाही म्हणाला आणि हा गप्प बसला. त्यालाही शिक्षा झाली. त्याला कळत होतं, जमत नव्हतं. न्यू ऑर्लिन्सच्या पोलीस खात्याने २०१६ पासूनच यासाठी वेगळं प्रशिक्षण सुरू केलंय, की सहकारी चुकत असेल तर त्याला अडवायचं कसं, कुठले शब्द वापरायचे, हात कसा धरायचा. पोहायला शिकवावं तसं, पाण्यात उतरवून.

रापण

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. मासेमारीचा कायदा राबवणाऱ्यांनाही या वर्गात बसवा. पावसाळी बंदीत ट्रॉलर दिसतात, एलईडीच्या उजेडात रात्री समुद्र दिवाळीसारखा दिसतो, आणि गस्तीची बोट नेमकी त्या दिवशी नादुरुस्त. मग चिडून पारंपरिक मच्छीमार स्वतःच बोटी अडवतात आणि गुन्हे दाखल होतात कुणावर? आमच्यावर. कायदा एकाला दिसतो आणि एकाला दिसत नाही, हे लोकांना लगेच कळतं बरं.

सुरंगी

रापण, +१. आणि सीमेवर गोव्याच्या दारूचं पण तेच. आमच्या बाजूच्या प्रत्येक लग्नात चर्चा, कुणाची गाडी कशी ‘सुटली’. सांगणारा अभिमानाने सांगतो. मुलं ते ऐकतच मोठी होतात.

सोळाशे_मीटर

नमस्कार. मी स्वतः भरतीची तयारी करतोय, मागच्या वेळी लेखीत थोडक्यात गेलं. सगळ्यांचं वाचलं. एक विचारू का?

तुम्ही सगळे सांगताय काय करू नये. ते कळलं. पण साहेब समोर उभे आहेत, मी नवीन आहे, आवाज चढलाय. त्या वेळी तोंडातून नेमकं काय बोलायचं? ‘सर, हे अनैतिक आहे’ असं तर कुणी बोलू शकत नाही. घरी कर्ज आहे, बाबा रिक्षा चालवतात, नोकरी गेली तर काय. उद्धटपणा न करता नाही कसं म्हणायचं हे कुणीतरी सांगा.

डायरीवाला

बाळा, तू विचारलंस तोच या धाग्याचा गाभा आहे. लिहून घे.

नाही म्हणायचं नाही. जे खरं आहे ते करतोय एवढंच सांगायचं, शांतपणे, ‘साहेब’ म्हणून. "साहेब, वेळ अकराची टाकलीय, पुढचं आपण सांगाल तसं." नोंद आधी कर, मग बोल. लिहून झालेलं खोडायला सांगणं साहेबालाही जड जातं. दुसरं, "साहेब, कॅमेऱ्यात अकराला आत घेताना आलंय, नंतर आपल्यालाच त्रास होईल." यात तू त्यांची बाजू घेतोयस, आणि ते खोटंही नाही. ठाण्यांत सीसीटीव्ही लावण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिलाय. तिसरं, मारहाण चालली असेल तर वाद घालत बसू नकोस. "साहेब, आपला फोन आलाय," "साहेब, मेडिकलला गाडी लागलीय," काहीही निमित्त काढून हात थांबव. थांबलेला हात पुष्कळदा पुन्हा उठत नाही. मग खरोखरच मेडिकलला घेऊन जा आणि डॉक्टरांना जखमा बघू दे.

आणि तरीही बेकायदा हुकूम आलाच तर, "साहेब, लेखी द्याल का?" हे शेवटचं. ते म्हटल्यावर संबंध बिघडतात, हे तुझ्यापासून लपवत नाही. बदली होऊ शकते. पण एक ध्यानात ठेव, चौकशी बसते तेव्हा ‘साहेबांनी सांगितलं’ हे उत्तर चालत नाही. डायरीत अक्षर तुझं असतं.

आंबोलीघाट

काकांना कायद्याचा टेकू देतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १४ वाचा, जुन्या दंडसंहितेचं ७६. वस्तुस्थितीच्या गैरसमजुतीने, कायद्याने बांधलेलो आहोत असं समजून केलं तर संरक्षण आहे. कायद्याच्याच गैरसमजुतीने केलं तर नाही. हुकूम बेकायदा असला की तो पाळणारा मोकळा सुटत नाही. कबुलीसाठी मारहाण हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम १२०. सोळाशे_मीटर, हे अभ्यासक्रमात नसेल, पण तुझ्या रिक्षावाल्या बाबांच्या मुलाची नोकरी यानेच वाचेल.

पोलिसाची_आई

मी फारसं लिहीत नाही. माझा मुलगा खात्यात आहे. त्याच्या पहिल्या पोस्टिंगला एक जुने जमादार होते, त्यांनी त्याला सांभाळलं. कुठल्या कागदावर सही करू नये, कुणाच्या गाडीत बसू नये, सगळं सांगायचे. असा माणूस मिळाला म्हणून आम्ही सुखी. ज्यांना मिळत नाही त्यांचं काय होत असेल? वर डायरीवाले भाऊंनी त्या मुलाला जसं सांगितलं, तसं सगळ्यांना सांगणारं कुणी हवं.

नाखवा

सोळाशे_मीटर आणि काकांचं वाचून माझं मत थोडं सरकलंय, मान्य करतो. व्यवस्थेबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. पण ‘लेखी द्याल का’ म्हणता येणारी दहा पोरं एका जिल्ह्यात गेली तर तीही व्यवस्थाच झाली.

वाशिष्ठी

मंडळी, मनापासून आभार. मी काय ठरवलंय ते सांगते, चुकत असेल तर सांगा.

व्याख्यान नाही. पहिल्या शनिवारी जोड्या करायच्या. एक साहेब, एक अंमलदार, बाकीचे बघणार. प्रसंग तोच, रात्री अकरा. प्रत्येकाने काकांनी सांगितलेली वाक्यं मोठ्याने म्हणायची, जीभ अडखळायची थांबेपर्यंत. मग जागा बदलायच्या, कारण यातलाच एखादा पुढे साहेब होणार आणि त्याला समोरून असं ऐकायची सवय हवी. दुसऱ्या शनिवारी गोंडघर फाटा, दिवेआगर म्हणतात तसा, शेवट न सांगता. तिसऱ्याला अबोलीचं वाळीत टाकलेलं घर आणि नात्याचा तो चार ओळींचा अर्ज. समईवात, तुमचं शेजारच्या माणसाचं तत्त्व म्हणून जोड्या वर्षभर त्याच ठेवते, एकत्र भरती झाली तर फोनवर तरी एकमेकांना धरून राहतील. कायद्याच्या मुलींसाठी आंबोलीघाट यांना एक दिवस बोलवायचंय, तो कौलारू पंच वर्गात उलटतपासून दाखवाल का?

परीक्षा घेणार नाही. वहीत सुविचार लिहिलेले तपासणार नाही.

डायरीवाले काका, पहिल्या शनिवारी साहेब म्हणून तुम्ही याल का? आमच्या मुलांचे साहेब फारच मवाळ निघतील अशी भीती आहे.

आंबोलीघाट

येतो. कोर्टाला सुट्टीचा शनिवार कळवतो.

सोळाशे_मीटर

मॅडम, मी तुमच्या महाविद्यालयाचा नाही. बसलो तर चालेल का?

वाशिष्ठी

ये. जोडीदार घेऊन ये.

डायरीवाला

येतो ताई. डायरीची कोरी पानं छापून ठेवा, प्रत्येकाला एक, आणि भिंतीवर चालू घड्याळ असू दे. आवाज मी खराखुरा चढवणार आहे, मुलांना आधी सांगू नका. आणि ज्या मुलाने सहाची नोंद करणार म्हटलं होतं ना, त्याला पहिल्या जोडीत ठेवा.